अनुभव नसलेला माजी प्लेअर हायस्कूल बास्केटबॉलचा हेड कोच म्हणून घ्यावा का?

हूजर_बाबा

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबलचक आहे पण सगळं सांगितल्याशिवाय कुणाला उत्तर देता येणार नाही म्हणून लिहितोच. आम्ही इंडियानात राहतो, इंडियानापोलिसपासून तासाभराच्या अंतरावर, मध्यम आकाराचं गाव आहे. मुलगा आता अकरावीत जाईल, गार्ड खेळतो, या सीझनला व्हर्सिटीत (शाळेच्या मुख्य टीममध्ये) होता पण बराचसा वेळ बेंचवरच. आमच्या हायस्कूलच्या बॉइज टीमचे हेड कोच रिटायर झालेत आणि नवीन कोच निवडायला शाळेने इंटरव्ह्यू कमिटी केलीय. त्यात ॲथलेटिक डायरेक्टर, प्रिन्सिपल, दोन टीचर आणि पालकांमधून एक म्हणून मी. आम्ही फक्त शिफारस करायची, शेवटचा ठराव स्कूल बोर्डाच्या मीटिंगमध्ये होतो.

दोघंजण शेवटपर्यंत आलेत. एक २७ वर्षांचा, याच शाळेचा, शाळेचा स्कोअरिंगचा रेकॉर्ड त्याच्याच नावावर, जिमच्या भिंतीवर फोटो आहे, पुढे कॉलेजला खेळला, मग युरोपात खालच्या लीगमध्ये खेळला, गुडघा गेला आणि परत आला, आता इन्शुरन्सच्या ऑफिसात नोकरी करतो. कोचिंगचा अनुभव म्हणजे मागच्या सीझनला फ्रेशमन (नववीच्या) टीमला आठवड्यातून दोन दिवस फुकट मदत केली, बस तेवढाच. दुसरा पन्नाशीचा, गणिताचा टीचर, दोन शाळांमध्ये मिळून वीस वर्षं हेड कोच, रेकॉर्ड फार झगझगीत नाही पण वाईटही नाही, बाहेरगावचा.

गावाचं म्हणाल तर निकाल आधीच लागलाय. आपला पोरगा परत आलाय, त्यालाच द्या. जे भारतात आहेत त्यांच्यासाठी सांगतो, इंडियानात हायस्कूल बास्केटबॉल हा नुसता शाळेचा खेळ नाही. १९५४ ला मायलन नावाच्या टीचभर गावातल्या, जेमतेम दीडशे-पावणेदोनशे मुलांच्या शाळेने मन्सी सेंट्रलसारख्या मोठ्या शाळेला ३२-३० ने हरवून स्टेट (राज्याची चॅम्पियनशिप) जिंकलं आणि ती गोष्ट इथले लोक अजून कालच घडल्यासारखी सांगतात. १९९० ला डेमन बेली या पोराची हायस्कूलची फायनल बघायला इंडियानापोलिसच्या हूजर डोम स्टेडियममध्ये ४१,०४६ लोक आले होते. शाळेची मॅच, बरं का! त्यामुळे कोच कोण होणार हे न्हाव्याच्या दुकानात, चर्चमध्ये, ग्रोसरीच्या लाइनीत, सगळीकडे चाललंय, आणि मी कमिटीत आहे कळल्यापासून लोक मला पार्किंग लॉटमध्ये थांबवून सांगतायत.

मी स्वतः क्रिकेटवाला, बास्केटबॉल मुलाच्या मागे मागे जाऊन शिकलो. पोरगा मला आवडला, बोलतो छान, गावाबद्दल खरी माया आहे त्याला. पण हेड कोच म्हणजे फ्रेशमन, जेव्ही (ज्युनियर व्हर्सिटी, म्हणजे दुसऱ्या फळीची टीम), व्हर्सिटी असा अख्खा प्रोग्राम त्याच्या हातात देणं आहे. अनुभव नाही या एका गोष्टीला किती वजन द्यायचं? आणि इंटरव्ह्यूत नेमकं काय विचारायचं? कुणी कोचिंग, रेफरिंग केलंय का, किंवा तुमच्या मुलांच्या शाळेत असं झालंय का, मनापासून सांगा.

अभ्या_सिॲटल

काका, द्या त्यालाच!! इथे आमच्याकडे ब्रँडन रॉयचं उदाहरण आहे ना. एनबीएचा रूकी ऑफ द इयर, गुडघ्यांनी करिअर संपलं, २०१६ ला नेथन हेल हायस्कूलने त्याला हेड कोच केलं तेव्हा कोचिंगचा अनुभव शून्य. आदल्या वर्षी टीम ३-१८ (तीन जिंकल्या, अठरा हरल्या) होती आणि त्याच्या पहिल्या वर्षी २९-०, स्टेट चॅम्पियन, त्याला नॅशनल कोच ऑफ द इयर मिळालं. मग तो स्वतःच्या जुन्या शाळेत म्हणजे गारफील्डला गेला आणि २०१८ ला परत स्टेट. एनबीएचा माजी स्टार पेनी हार्डवेचं पण तेच, मेम्फिसला मित्र कॅन्सरने आजारी होता म्हणून त्याच्या मिडल स्कूलच्या टीमला मदत करायला गेला आणि मग ईस्ट हायस्कूलला २०१६, १७, १८ लागोपाठ तीन स्टेट टायटल. माजी प्लेअर स्टीव्ह कर तर एकही दिवस कोचिंग न करता एनबीएच्या वॉरियर्स टीमचा हेड कोच झाला २०१४ ला आणि पहिल्याच सीझनला चॅम्पियन. पोरं ज्याला खेळताना पाहिलंय त्याचं ऐकतात, हे सगळ्यात मोठं आहे.

शिक्षक_ओहायो

अभ्या, उदाहरणं बरोबर आहेत पण अर्धीच सांगितलीस. नेथन हेलला त्याच वर्षी मायकेल पोर्टर ज्युनियर आला होता, देशातल्या सगळ्यात वरच्या दोन-तीन हायस्कूल प्लेअरपैकी एक, त्याच्या वडिलांना युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनला असिस्टंट कोचची नोकरी लागली म्हणून मिसूरीहून अख्खं कुटुंब आलं. रॉय चांगला कोच आहेच, पुढे गारफील्डला दिसलं ते, पण ३-१८ चे २९-० नुसत्या कोचिंगने होत नाहीत. आणि कर एकही दिवस कोच नव्हता हे खरं पण फिल जॅक्सन आणि पॉपोविच या एनबीएच्या दिग्गज कोचच्या हाताखाली खेळलेला होता, फिनिक्सचा जनरल मॅनेजर होता, आणि पहिल्या वर्षी शेजारी ॲल्विन जेंट्री आणि रॉन ॲडम्ससारखे मुरलेले असिस्टंट बसवून घेतले होते त्याने. त्याच वर्षी त्याच्यासारखाच थेट खेळाडूपणातून डेरेक फिशर न्यूयॉर्कला हेड कोच झाला, त्याला दुसऱ्या सीझनच्या मध्यात काढलं. तेव्हा माजी प्लेअर म्हणून जमतं किंवा माजी प्लेअर म्हणून फसतं, दोन्ही बाजूंनी यादी करता येते आणि त्यातून हूजरबाबांना काही उपयोग नाही.

मी इथे ओहायोत विज्ञान शिकवतो आणि जेव्हीचा कोच आहे, व्हर्सिटीला असिस्टंट. मला वाटतं बघायचं ते हे, की हा मुलगा शिकवू शकतो का. खेळणारा वेगळा आणि शिकवणारा वेगळा. चांगल्या प्लेअरचं शरीर खूप गोष्टी आपोआप करतं. डिफेंडर कुठल्या पायावर झुकलाय हे त्याला दिसतं आणि तो उलट बाजूने जातो, पण सोळा वर्षांच्या सर्वसाधारण पोराला ते दिसतच नाही, त्याला ते तुकडे करून दाखवावं लागतं, आधी पाय, मग खांदा, मग बॉल. मोठ्या प्लेअरला पहिल्या वर्षी सगळ्यात जास्त त्रास याचाच होतो, की हे यांना का जमत नाहीये? मग तो बॉल हातात घेऊन स्वतः करून दाखवतो, पोरं टाळ्या वाजवतात, आणि शिकत कुणीच नाही.

त्यामुळे इंटरव्ह्यूत तुमची फिलॉसॉफी काय असं विचारू नका, डिफेन्स, शिस्त, कुटुंब ही उत्तरं सगळेच पाठ करून येतात. दोन तासांच्या प्रॅक्टिसचा मिनिटामिनिटाचा प्लॅन कागदावर मागा. पहिल्या आठवड्याचा एक आणि जानेवारीतला एक, कारण जानेवारीत पोरं थकलेली असतात, आठवड्यात दोन मॅच, शाळेची परीक्षा, तेव्हाची प्रॅक्टिस नोव्हेंबरसारखी असेल तर त्याला सीझन कसा चालतो ते माहीत नाही. मग त्यातलं एक ड्रिल उभं राहून शिकवायला लावा. तिथेच कळेल.

आणि इंडियानावाल्यांना सांगायला हवं असं नाही पण कॉलेज बास्केटबॉलचा दिग्गज कोच जॉन वुडन तुमच्याच मार्टिन्सव्हिलचा. हायस्कूलला १९२७ ची स्टेट जिंकलेला, पर्ड्यूचा ऑल-अमेरिकन. १९३२ ला कॉलेज संपवून केंटकीत डेटन हायस्कूलला गेला, इंग्रजी शिकवायचं आणि कोचिंग करायचं. देशातल्या सर्वोत्तम प्लेअरपैकी एक, कोच म्हणून कोराच. पहिल्या वर्षी ६-११. अख्ख्या आयुष्यात त्याचा तेवढा एकच हरलेला सीझन. पुढे यूसीएलए युनिव्हर्सिटीला दहा नॅशनल टायटल, त्यातलं पहिलं १९६४ ला, तिथे गेल्यावर सोळाव्या सीझनला. तुमच्या गावाने पहिल्या वर्षी ६-११ बघितलं तर काय करतील, हा प्रश्न मला त्या पोराच्या अनुभवापेक्षा मोठा वाटतो.

मृण्मयी_टेक्सास

शिक्षक सरांचं शेवटचं वाक्य वाचून लिहायला बसले, कारण आमच्या मुलीच्या बाबतीत नेमकं तेच झालं. शाळेचं नाव घेत नाही. गर्ल्स टीमला चोवीस वर्षांची माजी प्लेअर हेड कोच म्हणून आणली, कॉलेज नुकतंच संपलेलं, सगळ्या मुली तिच्यावर फिदा. प्रॅक्टिसला ती स्वतः स्क्रिमेजमध्ये (सरावाच्या मॅचमध्ये) उतरायची, मुलींना मजा यायची, आम्हालाही बरं वाटायचं. पण डिसेंबरात हरायला लागल्यावर तिच्याकडे दुसरं काही नव्हतंच. हरलं की पळवायचं, अजून हरलं की अजून पळवायचं. माझ्या मुलीला कोणत्या मॅचला किती वेळ खेळणार हे कधी कळायचं नाही आणि विचारलं तर कोच रडवेली व्हायची, कारण तिला स्वतःलाच माहीत नसायचं. पालकांचा व्हॉट्सॲप ग्रुप तर विचारू नका. काही काही लोक त्या पोरीबद्दल जे लिहायचे ते मी इथे लिहू शकत नाही, कुणाची तरी मुलगीच होती ना ती पण.

मला तिचा राग कधीच नाही आला. राग आला शाळेचा. तिला एकही अनुभवी असिस्टंट दिला नाही, जेव्हीला तिच्यासारखीच दुसरी नवीन मुलगी, बसचं वेळापत्रक, युनिफॉर्म, कोणाचे मार्क कमी आहेत म्हणून कोण खेळू शकत नाही हे सगळं तिच्याच गळ्यात, आणि ऑफिसातून फोन फक्त तक्रार आली की. सीझन संपायच्या आत ती सोडून गेली. नंतर दरवर्षी नवा कोच. माझ्या मुलीने बारावीत खेळणंच बंद केलं, आणि तिला खेळ फार आवडायचा हो.

म्हणून हूजरबाबा, त्या मुलाला प्रश्न विचाराच, पण त्याच टेबलावर ॲथलेटिक डायरेक्टरला पण विचारा. याच्या शेजारी कोण बसणार? त्याचा पगार कुठून येणार? पहिली दोन वर्षं टीम हरली तर तुम्ही याच्या मागे उभे राहणार का? याची उत्तरं नसतील तर कृपा करून त्या पोराला त्या खुर्चीत बसवू नका, त्याच्याच भल्यासाठी.

नागपाडा_ते_न्यूजर्सी

मी हायस्कूलच्या मॅचेस रेफ करतो, बरीच वर्षं झाली. आमच्या बाजूने काय दिसतं ते सांगतो, कारण ते पालकांना स्टँडमधून दिसत नाही.

नवीन कोच, विशेषतः मोठा प्लेअर असलेला, ओळखायला मला पहिला क्वार्टर पुरतो. तो मॅच बघत असतो, चालवत नसतो. बॉलवर नजर खिळलेली. आपल्या पाचव्या पोराला तिसरा फाउल लागलाय, समोरच्या टीमने झोन (माणसाऐवजी जागा राखायचा डिफेन्स) बदललाय, बेंचवरचं पोर दहा मिनिटं थंड बसलंय, हे बघायला त्याच्याकडे डोळे उरत नाहीत. हायस्कूलला पाच टाइमआउट असतात, तीन मोठे, दोन छोटे. नवीन माणूस तिसऱ्या क्वार्टरपर्यंत तीन-चार उडवून बसतो, कारण समोरच्यांनी सहा पॉइंट लागोपाठ केले की त्याला काहीतरी करावंसं वाटतं. मग शेवटच्या चाळीस सेकंदात पोरं त्याच्याकडे बघतात आणि द्यायला काही नसतं. नसलेला टाइमआउट मागितला तर मला टेक्निकल फाउल द्यावाच लागतो, कितीही वाईट वाटलं तरी.

दुसरं, रूलबुक. २०२३-२४ पासून वन-अँड-वन (पहिला फ्री थ्रो गेला तरच दुसरा) गेलं, आता प्रत्येक क्वार्टरला टीम फाउल परत शून्यापासून आणि पाचव्याला दोन फ्री थ्रो. हे साधं वाटतं पण यामुळे क्वार्टरच्या शेवटी फाउल करायचा की नाही याचं गणितच बदललं. कॉलेजात आणि युरोपात खेळून आलेल्या माणसाच्या अंगात वेगळेच नियम भिनलेले असतात, तिकडे शॉट क्लॉक (ठरावीक सेकंदांत शॉट मारायचं बंधन), इकडे इंडियानात तर शॉट क्लॉक नाहीच बहुतेक मॅचला, म्हणजे लीड असताना बॉल धरून ठेवणं ही एक वेगळी विद्या आहे. त्याला विचारा, चौथा क्वार्टर, तीन मिनिटं उरलीत, चार पॉइंटने पुढे, तुमचा बॉल, समोरची टीम झोनमध्ये बसलीय आणि बाहेर यायला तयार नाही, काय करशील? उत्तर काय देतो त्यापेक्षा उत्तर देण्याआधी काय विचारतो ते बघा. ‘त्यांचे फाउल किती झालेत, माझा बॉल सांभाळणारा कोण, टाइमआउट किती आहेत’ असं उलट विचारलं तर पोरगा डोक्याने मॅच बघतो.

तिसरं म्हणजे राग. हेड कोचला टेक्निकल बसला की उभं राहायची मुभा जाते, उरलेली मॅच बाकावर बसून काढायची. तरुण कोच पहिल्या वर्षी आपल्या पोरांसाठी भांडायला येतो, मला त्यात वाईट दिसत नाही, पण त्याला धरून मागे ओढणारा एक म्हातारा असिस्टंट लागतो. ज्याच्याकडे असा माणूस आहे तो दुसऱ्या वर्षी शांत झालेला दिसतो.

मी मूळ मुंबईच्या नागपाड्याचा. आमच्याकडे नेबरहूड हाउस आणि मस्तान वायएमसीएच्या कोर्टावर कोच म्हणजे मोठा झालेला प्लेअरच. कुणाचं सर्टिफिकेट कोण बघतो. पण विशीतला पोरगा लहानांना शिकवत असायचा तेव्हा कडेला चार-पाच जुने लोक बसलेले असायचेच आणि चुकलं की तिथूनच ओरडायचे, ‘अरे उसका हाथ देख, पाँव देख’. तो पोरगा त्यांच्या ओरडण्यातून कोच व्हायचा. अमेरिकेतल्या शाळेत ती कडेची माणसं आपोआप येत नाहीत, ती नेमावी लागतात.

हूजर_बाबा

सगळ्यांचे खूप आभार, हे सगळं मी वहीत उतरवून घेतलंय. मृण्मयीताई, तुमच्या मुलीचं वाचून फार वाईट वाटलं. दोन गोष्टी विचारायच्यात. एक, माझा मुलगा याच टीममध्ये आहे, तर मी इंटरव्ह्यूत प्लेइंग टाइमबद्दल विचारलं तर ते चुकीचं दिसेल का? दोन, वीस वर्षं अनुभव असलेल्या माणसाला काय विचारायचं? सगळं लक्ष पोरावर आहे आणि मला भीती वाटते की त्या दुसऱ्या माणसावर अन्याय होईल.

शिक्षक_ओहायो

प्लेइंग टाइमचा प्रश्न तुम्ही विचारू नका, टीचरपैकी कुणाला तरी विचारायला सांगा. विषय महत्त्वाचाच आहे, हायस्कूल कोचकडे येणाऱ्या तक्रारींत पहिला नंबर त्याचाच असतो, पण तुमच्या तोंडून आला की दोन्ही उमेदवार तुमच्या मुलाकडे बघून उत्तर देतील. प्रश्न असा ठेवा: टीममधल्या बाराव्या पोराला, जो बहुतेक मॅचला उतरणारच नाही, त्याला नोव्हेंबरात काय सांगाल आणि फेब्रुवारीत काय सांगाल? आणि ट्रायआउटला ज्याला घेतलं नाही त्याला कसं सांगता? नावांची यादी दारावर चिकटवून निघून जाणारे कोच मी पाहिलेत, आणि प्रत्येक पोराला समोर बसवून दोन मिनिटं देणारेही पाहिलेत.

अनुभवी माणसाबद्दल तुमची भीती बरोबर आहे. त्याला विचारा की गेल्या पाच वर्षांत तुम्ही काय बदललं. वीस वर्षं कोचिंग केलं म्हणजे वीस वर्षांचं शिकणं असेलच असं नाही, काहीजण पहिल्याच वर्षाचं वीस वेळा करतात. आणि तुमच्या हाताखालचे किती असिस्टंट पुढे हेड कोच झाले हे विचारा. ते उत्तर देताना माणूस कसा खुलतो ते बघा. शिवाय तो शाळेतच शिकवणार आहे हे विसरू नका. पोराचे ग्रेड घसरले, घरी काही बिनसलं, हे बिल्डिंगमध्ये असलेल्या कोचला दुपारच्या जेवणाच्या सुट्टीतच कळतं. इन्शुरन्सच्या ऑफिसातून साडेतीनला धावत येणाऱ्याला नाही कळत, त्याच्यासाठी कुणीतरी आतला माणूस लागतो.

अभ्या_सिॲटल

सर, पटलं. पण एक सांगतो, मी स्वतः हायस्कूलला जेव्हीपर्यंत खेळलो आणि आमचा कोच अनुभवी होता, सगळे सेट, सगळे प्ले पाठ, पण आम्हाला कधी वाटलंच नाही की त्याला हे आवडतं. जिमला येताना त्याचा चेहरा बघूनच पाय जड व्हायचे. गावच्या पोराला त्या जिमबद्दल जे वाटतं ते विकत मिळत नाही हो. ते पण वजनात धरा.

मृण्मयी_टेक्सास

अभ्या, हे मात्र अगदी खरं. आमच्या कोचचा पहिला महिना मुली अजून आठवतात.

हूजर_बाबा

अपडेट देतो. काल दोन्ही इंटरव्ह्यू झाले. शिक्षक सरांचा सल्ला ॲथलेटिक डायरेक्टरला आवडला आणि ड्रिल शिकवून दाखवा असं दोघांनाही आधीच कळवलं होतं. पोरांना यात घ्यायचं नाही असं ठरलं म्हणून आम्ही कमिटीवालेच जिममध्ये उभे राहिलो.

गणिताचे सर आधी आले. त्यांनी शेल डिफेन्स घेतला, चौघांना जागेवर उभं केलं, बॉल एका बाजूने दुसरीकडे गेला की प्रत्येकाने कुठे सरकायचं ते एवढं स्वच्छ सांगितलं की पाच मिनिटांत मला, ज्याने आयुष्यात बास्केटबॉल खेळला नाही त्याला, कळायला लागलं की माझ्या मुलाला सारखं ‘हेल्प साइड’ (बॉल नसलेली, मदतीला सरकायची बाजू) असं का ओरडत असतात. बाराव्या पोराच्या प्रश्नावर म्हणाले, मी त्याला स्काउट टीमचा कॅप्टन करतो, समोरच्या टीमचे प्ले शिकून तोच व्हर्सिटीला सराव देतो, आणि मॅचच्या आधी लॉकर रूममध्ये समोरच्या टीमबद्दल तोच बोलतो. पाच वर्षांत काय बदललं विचारल्यावर बराच वेळ विचार केला आणि म्हणाले, आधी शिक्षा म्हणून पळवायचो, आता नाही पळवत.

मग पोरगा आला. क्लोजआउट शिकवायला घेतलं, म्हणजे शूटरकडे धावत जाऊन त्याच्या पुढ्यात थांबायचं. प्रिन्सिपल बाई समोर होत्या, त्या धावत गेल्या आणि थांबताच येईना, पुढेच गेल्या. मला वाटलं आता हा स्वतः करून दाखवणार. त्याने नाही दाखवलं. बॉल खाली ठेवला, म्हणाला आधी नुसतं चालत या, आणि शेवटची तीन पावलं बारीक बारीक टाका, पाय आपटल्याचा आवाज मला ऐकू आला पाहिजे. चालत, मग हळू धावत, मग जोरात. चौथ्या वेळेला त्या नीट थांबल्या, एक हात वर. नागपाडावाल्यांचा चार पॉइंटचा प्रश्न मी विचारला तेव्हा मात्र तो घाईत उत्तर देऊन मोकळा झाला, फाउल, टाइमआउट काहीच विचारलं नाही. प्रॅक्टिसचे दोन्ही प्लॅन जवळपास सारखेच होते, जानेवारीतला वेगळा का नाही विचारल्यावर थांबला आणि म्हणाला, हा विचार मी केलाच नव्हता, आणि लगेच वहीत लिहून घेतलं.

ॲथलेटिक डायरेक्टरला मी सगळ्यांसमोर विचारलं, याला घेतलं तर याच्या शेजारी कोण? ते म्हणाले ठरलेलं नाही. असिस्टंटचं मानधन एवढं कमी आहे की अनुभवी माणूस मिळणं अवघड. आणि दोन हरलेले सीझन झाले तर, या प्रश्नावर म्हणाले कॉन्ट्रॅक्ट वर्षावर्षाचंच असतं.

मी माझं मत गणिताच्या सरांना दिलं. पोरगा शिकवू शकतो हे मी डोळ्यांनी बघितलं, चांगला कोच होणार तो, मला शंका नाही. पण त्याला एकट्याला त्या जिममध्ये, ज्या भिंतीवर त्याचाच फोटो आहे तिथे उभं करायचं आणि गावाने दरवर्षी हिशेब मागायचा, हे मला पटेना. कमिटीत तीन विरुद्ध दोन झालं, सरांच्या बाजूने. सोबत लेखी शिफारस जोडलीय की पोराला जेव्हीचा हेड कोच आणि व्हर्सिटीचा पहिला असिस्टंट म्हणून घ्यावं आणि त्याचं मानधन वाढवावं. सरांना हे विचारलं तर ते म्हणाले मला आनंद आहे, पण त्याला विचारलंत का?

पोराने दोन दिवस मागितलेत. बोर्डाची मीटिंग पुढच्या आठवड्यात आहे आणि गावात नाराजी सुरू झालीय, आज दुकानात एकाने माझ्याशी बोलणं टाळलं.

नागपाडा_ते_न्यूजर्सी

त्या पोराला एक माणूस म्हणून तुम्ही स्वतः फोन करा. कमिटीचं पत्र जातं त्यात फक्त ‘नाही’ दिसतं. क्लोजआउटचं जे इथे लिहिलंत ते त्याला सांगा, कुणीतरी नीट बघत होतं हे त्याला कळू दे. आणि तो आला तर पहिल्याच सीझनपासून मॅचमधले टाइमआउट आणि फाउल मोजायचं काम त्याच्याकडे द्यायला सांगा सरांना. ते एक काम करून तो एका हिवाळ्यात मॅच चालवायला शिकेल.

शिक्षक_ओहायो

बरोबर. आणि मानधनाचा मुद्दा बोर्डाच्या अजेंड्यावर वेगळा आयटम म्हणून घालायला लावा, हेड कोचच्या ठरावात गुंडाळला तर चर्चा होणारच नाही. तुमचा बूस्टर क्लब (टीमसाठी पैसे गोळा करणारा पालकांचा गट) असेल तर त्यांच्याकडून पैसे घ्यायच्या आधी डिस्ट्रिक्टचा नियम बघा, कोचचं मानधन बाहेरून द्यायला बऱ्याच ठिकाणी परवानगी नसते. मीटिंगला पालक जास्त संख्येने न्या, बोलायला एकच ठेवा.

हूजर_बाबा

फोन आजच संध्याकाळी करतो. अजेंड्याची मुदत शुक्रवारी दुपारची आहे, उद्या सकाळी डिस्ट्रिक्ट ऑफिसला जाऊन विचारून येतो.